उमेदवाराने बाळ हसवलं

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या मुलखातले सगळे खड्डे लीलंड एट्सिटीला पाठ होते. बावीस वर्षं त्याने शाळेची बस हाकली होती, आणि वॉशिंग्टनच्या संसदेत जायला आपण लायक आहोत ते यामुळेच, असं तो प्रत्येक सभेत सांगे. दुसरं कारण त्यालाही अजून सापडलं नव्हतं. पोस्टरवर तो पोट आत ओढून उभा होता. श्वास रोखल्यामुळे चेहरा उचकी अडकल्यासारखा आला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘खेड्यापाड्यांचा आवाज’.

बुधवारी तो देस्बाह आजींकडे मतं मागायला गेला. कुळाच्या नात्याने त्या त्याच्या आजी लागत, आणि त्यांच्या एका शब्दावर त्या भागातली दोनशे मतं फिरत. सहा वर्षांपूर्वी स्थानिक सभेचा अध्यक्ष असताना लीलंडने त्यांना दारात नळ आणून देतो म्हणून सांगितलं होतं. पुढच्या वसंतात. तेव्हापासून सहा वसंत येऊन गेले होते. आजींच्या दाराशी अजून निळी पिंपंच होती आणि पाणी तेवीस मैलांवरून आणावं लागे.

तो विषय निघू नये म्हणून लीलंडने आल्या आल्या आजींची तान्ही पणती, नातीची मुलगी, उचलून घेतली. उमेदवार मंडळी हे करतातच. वर त्याने तिला पोस्टरवरचा चेहरा करून दाखवला. तीन महिन्यांची पोर क्षणभर टक लावून बघत राहिली आणि खळखळून हसली.

पोरीची आई मर्लिंडा पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली.

"हसली?" आजींनी विचारलं.

"हसली," मर्लिंडा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्या जगात हाच मिळाला हिला? राजकारणी?"

बाळाला जो पहिल्यांदा हसवतो, त्याने चार दिवसांच्या आत सगळ्यांना जेवायला घालायचं आणि बाळाच्या हाताने पाहुण्यांना मीठ द्यायचं, हे लीलंडला कळायला लागल्यापासून माहीत होतं. हसवणाऱ्याचा स्वभाव बाळात उतरतो, हेही माहीत होतं. म्हणून तर शहाणी घरं एखादा मोठ्या मनाचा माणूस आधीच हेरून ठेवतात. मर्लिंडाने व्हर्ना मावशी ठरवली होती. मावशी दवाखान्यात नर्स, अंगावरचा कोट काढून देणारी बाई. तीन रविवार ती पोरीपुढे माकडचेष्टा करत होती, आणि पोर तिच्याकडे बघून जांभया देत होती.

"मला नाही हसली," लीलंड घाईघाईने म्हणाला. "मागे कुत्रा शिंकला. ती कुत्र्याला हसली."

"मग जेवणाचं मेंढरू काय कुत्रा शिजवणार आहे?" आजी म्हणाल्या. "शनिवारी दुपारी जेवण. साठेक माणसं होतील."

दारात लीलंडची धाकटी बहीण लोरेना उभी होती. प्रचाराचं सगळं तीच बघायची. शनिवारी दुपारी फिनिक्सला टीव्हीवर उमेदवारांची वादसभा होती, आणि शहरातली मतं मिळवायची ती एकच संधी होती. ती दादाकडे बघून जोरजोरात नकाराची मान हलवायला लागली.

"आजी, शनिवार सोडून कधीही सांगा," लीलंड म्हणाला. "आपण असं करू, पुढच्या..."

"वसंतात?"

लीलंडने पोर मर्लिंडाच्या हातात दिली.

"हे बघ बाळा," आजी म्हणाल्या, "तू जा फिनिक्सला. लोरेना घालेल जेवण, आणि चांगलंच घालेल. पण मग ही पोर जन्मभर दुसऱ्याला पुढे करेल आणि स्वतः पुढच्या वसंतात येईल. तुझ्यासारखी झालेली चालेल का तुला?"

लीलंडने आपल्यासारखी पोर डोळ्यांपुढे आणून बघितली. गोड बोलणारी, पोट आत ओढणारी, कुणाच्या दारात गेली की आधी पिंपांवरून नजर चोरणारी.

"नाही चालणार," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर लोरेना म्हणाली, "दादा, कुत्र्यावर ठाम राहायला हवं होतंस."

साठ माणसांना किती पाणी लागतं, हे लीलंडला शनिवारी सकाळी कळलं. दोन खेपा झाल्या. त्याला खड्डे पाठ होते, पण पाण्याला नव्हते. अर्धं पिंप रस्त्यानेच प्यायलं. दुसऱ्या खेपेला त्याची पाठ धरली, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या आजी हे दर आठवड्याला कसं करत असतील याची त्याला मनापासून लाज वाटली.

दुपारी मेंढीचा रस्सा झाला, तिकडच्या तळणीच्या भाकऱ्या झाल्या. कुणीतरी फोनवर फिनिक्सची सभा लावली. लीलंडची रिकामी खुर्ची दिसली. समोरचा उमेदवार तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ज्याला यायलाच जमत नाही, तो तुमचं काम काय करणार?"

पळी हातात धरून लीलंड ऐकत राहिला. मुद्दा बिनतोड होता. आजी सहा वर्षं हेच तर म्हणत होत्या.

"खुर्ची तुझ्यापेक्षा बरं बोलतेय रे," एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. लीलंडही हसला.

मग रांग लागली. लीलंड पोरीला मांडीवर घेऊन बसला. तिच्या मुठीत तो खडेमीठ ठेवायचा आणि ती प्रत्येकाच्या तळहातावर सोडायची. साठ माणसं झाली. शेवटी त्याने स्वतःचा हात पुढे केला, तर पोरीने मूठ घट्ट आवळली.

"उतरला स्वभाव!" व्हर्ना मावशी ओरडली. मर्लिंडाचा चेहरा पडला.

"देईल ती," आजी म्हणाल्या. "पुढच्या वसंतात."

या वेळी लीलंडला हसू आलं नाही. खिशातला फोन वाजत होता, तो वाजू दिला. तळहात तसाच धरून तो बसून राहिला. कुणी खोकलं, कुणी भाकरी चावायचं थांबलं. बऱ्याच वेळाने इवली बोटं एकेक करून सुटली आणि घामाने ओलं झालेलं मीठ त्याच्या हातावर पडलं. त्याने ते जिभेवर ठेवलं.

"आजी, नळाचं..." तो सवयीने म्हणाला आणि थांबला. खाल्ल्या मिठाला जागायचं, तर आता बेतानेच बोलायला हवं होतं. "पिंपं सोमवारी भरून आणतो."

"सोमवारी फ्लॅगस्टाफला सभा आहे," लोरेना कानात पुटपुटली.

"सोमवारी पिंपं आहेत," लीलंड म्हणाला.