सेद्रोनच्या झाडाखालचं लाल पाणी

बघता बघता वाडग्यातलं जांभळं पाणी लालभडक झालं आणि देओलिंदामावशीच्या अंगणात जमलेल्या बायकांनी एकदमच छातीवर क्रूसाची खूण केली.

"साखर बाहेर पडतेय, साखर!" गावोगाव फिरणारा वैदू रुफिनो गरजला. "डॉक्टरांच्या सात पिढ्यांना जमलं नाही ते ह्या चार थेंबांनी केलं! बघून घ्या, नंतर म्हणाल, रुफिनोनं दाखवलं नाही!"

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. एरवी मला हसू आलं असतं. पण समोर खाटेवर झुनिल्दा पडली होती. मावशीची ही एकुलती एक लेक लहानपणापासून मधुमेही. रोजच्या इन्शुलिनवरच जगणारी. रुफिनोनं आल्या आल्या इन्शुलिनच्या कुप्या अंगणातल्या सेद्रोनच्या झाडाखाली पुरायला लावल्या होत्या. तेव्हापासून पोरगी ओकत होती, धापा टाकत होती, सारखं पाणी मागत होती.

"रोग जाताना दार मोडूनच जातो," रुफिनो म्हणे. आरोग्यकेंद्रातल्या नर्सला दोनदा फाटकावरूनच परत पाठवलं होतं. मी भांडले, तर मावशी म्हणाली, "बाई, पुस्तकं तुमची, पाला माझा."

पाला तिचाच, हे खरं. पुदिना, गवती चहा आणि सेद्रोन, म्हणजे लिंबाच्या वासाची वर्बेना, आमच्याकडे दारोदारी लावतात. पाला खलबत्त्यात कुटून बर्फाच्या पाण्यात टाकायचा, ते पाणी शिंगाच्या पेल्यातल्या येर्बाच्या, म्हणजे चहासारख्या कडवट झाडाच्या, वाळक्या पानांवर ओतायचं आणि एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायचं. हे आमचं तेरेरे. पहिलं पाणी कुणी प्यायचं नाही. ते पानांत मुरू द्यायचं, कारण पहिला घोट संत तोमासचा. मावशी बसस्टँडवर पाला विकायची, आणि पान कुणाच्या परसातलं ते नुसतं हुंगून सांगायची.

रुफिनोनं नेमकं ते नाकच हेरलं. तो मावशीच्याच झाडाची पानं तोडायचा, चुरगाळून आपल्या मडक्यातल्या 'दवात', म्हणजे थेंब थेंब वाडग्यात सोडायच्या औषधात, टाकायचा आणि मडकं तिच्या नाकाखाली धरायचा.

"सेद्रोनच," मावशी जाहीर करायची. "माझंच. हे नाक खोटं बोलत नाही." मग गावाला आणखी पुरावा कशाला? अट एकच होती. दव तोंडाला लावायचं नाही, नाहीतर तोंड लावणाऱ्यालाच रोग धरेल.

त्या दिवशी वाडग्यातलं पाणी लाल झालं आणि इकडे झुनिल्दाची शुद्ध हरपायला लागली. फाटकात मी ट्रक आणून उभा केला होता, पण मावशी हो म्हणेना. मला दुसरं काही सुचलं नाही. मी मडकं हिसकावलं आणि घोटभर दव पिऊन टाकलं.

"मेली ही!" कुणीतरी किंचाळलं.

माझे दात आंबले होते. "मावशी, तुझं सेद्रोन कधी आंबट लागलं का गं?"

"सेद्रोन आणि आंबट? काहीतरीच काय!"

"मग बोट बुडव आणि चाख."

"खबरदार! कोप होईल!" रुफिनो पुढे धावला. पण मावशीनं बोट चाटलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"लिंबू," ती पुटपुटली.

मी कुंपणावरच्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरल्या. पाणी जांभळं झालं, रुफिनोच्या वाडग्यातल्यासारखंच. त्यात सेद्रोनची पानं चुरली; रंग तसाच राहिला. लिंबू पिळलं आणि पाणी लाल झालं. सेद्रोनला लिंबाचा वास असतो, आंबटपणा नसतो. त्या वासाआड खरं लिंबू दडलं होतं, आणि नाकाचा गर्व असलेल्या आमच्या गावाला ते चाखून बघावंसं वाटलं नव्हतं.

मावशी सेद्रोनच्या बुंध्याशी हातांनीच माती उकरायला लागली. "ह्या चालतील ना हो, बाई?" उन्हात तापलेल्या कुप्या, एक फुटलेली.

"नाही चालणार. चल, ट्रकमध्ये बस."

ह्या गडबडीत रुफिनो मागच्या फाटकानं पसार झाला. इस्पितळात डॉक्टरांनी शर्थ केली. दुसऱ्या दिवशी दुपारी झुनिल्दा गेली. "उशीर झाला," एवढंच ते म्हणाले.

रुफिनो आता नदीपलीकडच्या गावात आहे. मी तिथेही गेले. लोकांनी मला अंगणात पाऊलही टाकू दिलं नाही. आमच्याच गावच्या दोघी रांगेत होत्या. "झुनिल्दाचं नशीब फुटकं, त्याला तो काय करणार?" त्या म्हणाल्या. आणि रुफिनो छातीठोकपणे सांगत होता, "विचारा देओलिंदाला, तिच्या नाकानं ग्वाही दिलीय!" मी काही करू शकले नाही. रडत परत आले.

परवा मावशीकडे गेले. तिनं पेला भरला, पहिलं पाणी ओतलं आणि ते मुरेपर्यंत त्याकडेच बघत राहिली.

"बाई, हा तोमास तोच ना? प्रभूच्या जखमेत बोट घालून पाहिल्याशिवाय ज्यानं विश्वास ठेवला नाही?"

"तोच."

"जन्मभर पहिला घोट त्याला दिला हो. आणि एक बोट बुडवून बघायचं मला सुचलं नाही."

म्हणून सांगते. तुमच्याकडे जास्वंद असेल, लिंबूही असेल. हा चमत्कार घरी करून बघा, मुलांना दाखवा. कुणी चमत्कार दाखवून 'तपासू नका' म्हणालं, तर तिथेच तपासा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून चालू औषध बंद करू नका, आधी डॉक्टरला विचारा. झुनिल्दासाठी हे कुणी वेळेवर ऐकलं नाही.