किटलीवरच्या फुल्या

मी एक मतपेटी बोलतेय. पण लगेच अदबीनं उभं राहू नका, मी काही खरी मतपेटी नव्हे. खरी येते ती पोलिसांच्या पहाऱ्यात, तिच्यावर सरकारी शिक्का असतो आणि तिच्या पोटातून राष्ट्राध्यक्ष निघतो. माझ्या पोटातून नुसता अंदाज निघायचा. निवडणुकीआधी कोण जिंकणार ते सांगणाऱ्या मतचाचणीवाल्यांची मी पुठ्ठ्याची पेटी. वर एक फट, बाजूला पट्टा, खांद्याला अडकवून दारोदार फिरवायची.

लिमातल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. आम्ही बहिणी पुष्कळ, घड्या घालून एकीवर एक रचलेल्या. आमच्या देशात माणसाला तोंडावर विचारलं, की बाबा, मत कुणाला देणार, तर तो आधी आभाळाकडे बघतो, मग तुमच्या बुटांकडे, आणि मग म्हणतो, "अजून काही ठरलं नाही." म्हणून कंपनीनं युक्ती काढली. हुबेहूब मतपत्रिका हातात द्यायची, आपण पाठ करून उभं राहायचं, माणसानं फुली मारून कागद माझ्या पोटात टाकायचा. ना नाव, ना सही. "पेटीशी कोण कशाला खोटं बोलेल?" असं साहेब म्हणाले होते. मलाही ते पटलं. नवीन होते ना मी.

मग बसच्या टपावर बसून डोंगर चढत मी वांकावेलिका या गावाला आले. तिथं मला उघडून, चिकटपट्टी लावून उभं केलं ते योवानानं. चाचणीचं काम करणारी ही मुलगी पायानं चपळ आणि जिभेनं त्याहून चपळ. तिची आई दोन्या, म्हणजे बाई, ग्रिमानेसा चर्चपुढच्या चौकात गाड्यावर किटल्या मांडून एमोलियेन्ते विकायची. जव, जवस आणि डोंगरातला पाला उकळून वर लिंबू पिळलेलं हे पेय. इथल्या पहाटे दात वाजायचे थांबतात ते त्याच्या पहिल्या घोटानं.

चौकात धंद्याचे कोपरे दोन. एक चर्चच्या भिंतीच्या आडोशाचा, तिथं वारा लागत नाही आणि पहिलं ऊन पडतं. तो ग्रिमानेसाचा. समोरचा उघडा, तिथं वारा नुसता चावतो. तो तायता, म्हणजे बाबा, आब्दोनचा. हा म्हाताराही एमोलियेन्तेच विकायचा आणि तिच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं डोळा ठेवून होता. ग्रिमानेसाची छाती मात्र नाजूक. गार वारा लागला की तिचा खोकला थांबत नसे, आणि योवानाला त्याचीच काळजी.

आता एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळं झालं. पेला रिकामा झाला की गिऱ्हाईक तो परत पुढं करतं आणि म्हणतं, "यापा, कासेरा." कासेरा म्हणजे नेहमीची ओळखीची, विकणारीही कासेरा आणि घेणारीही कासेरा. आणि यापा म्हणजे वरचं, मायेचं. आब्दोनची यापा म्हणजे पेल्याच्या बुडाला ओल. ग्रिमानेसाची म्हणजे पुन्हा अर्धा पेला, आणि वर "पी रे, थंडी किती आहे" हे ऐकून घ्यायचं.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोनच उमेदवार उरले होते. एकाची निशाणी किटली, दुसऱ्याची शिडी. किटलीवाला लिमाचा, कोट घालून टीव्हीवर बोलायचा. शिडीवाला डोंगरावरच्या आमच्या आळीत पायी चढून आला होता, पायरीवर बसून उकडलेले बटाटे खाल्ले होते आणि नळ आणतो म्हणाला होता. कंपनीनं योवानाला नेमकी तिचीच आळी वाटून दिली. तिला आनंद झाला. ओळखीची माणसं, दार तोंडावर कोण आपटणार?

पहिलंच घर विणकर साबिनाचं. योवाना पाठ करून उभी राहिली. साबिनाच्या नवऱ्यानं पेन्सिल घेतली तर तिनं त्याचा हात धरला.

"कुठं मारतोयस?" ती कुजबुजली.

"शिडीवर. आपलं ठरलंय ना?"

"ते शाळेत, खऱ्या मतदानाला. ही पेटी ग्रिमानेसाच्या पोरीची आहे. किटलीवर मार."

"किटलीवर कशाला बाई?"

"मग काय शिडीवर मारतोस? तिची आई शिडी घेऊन बसते का चौकात? इतकी वर्षं आपल्याला यापा पाजली तिनं. एक फुली द्यायला तुझं काय जातं?"

त्यानं मान डोलावली आणि किटलीवर चांगली ठसठशीत फुली मारली. मला वाटलं, असेल हे एक घर. कसलं काय. चांभारानं तेच केलं, पाववालीनं तेच केलं. एका आजीबाईंनी तर कागदाची घडी घालताना किटलीच्या चित्राचा मुका घेतला. कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. जो तो आपल्या मनानं माया करत होता आणि ती सगळी माझ्या पोटात पडत होती. मला योवानाला सांगायचं होतं हो, पण पुठ्ठ्याला तोंड असतं ते नुसतं गिळायला.

कागद लिमाला धाडण्याआधी योवानानं ते घरच्या टेबलावर वेगळे केले. किटलीचा ढीग बघून ती हसायलाच लागली. "आई, तुझ्या किटलीनं शिडीला पार लोळवलं."

"माझी कसली किटली?" ग्रिमानेसा म्हणाली, पण चेहरा खुलला होता. तिनं माझ्यावर हात फिरवला. "बघ, आळीतल्या माणसांच्या मनात काय असतं ते कुणाला कळतं?"

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात चाचण्या छापायला बंदी असते. मग काय, छापील बंद झालं की तोंडी सुटतं. चौकात जो येईल तो निकाल सांगायचा. एका सकाळी आब्दोन आपला रिकामा पेला वाजवत आला.

"आपल्या आळीत शिडीच येणार," तो म्हणाला. "देशात काय व्हायचं ते होवो."

"किटली येणार. माझी पोर दारोदार फिरलीय."

"एवढी खात्री आहे तर पैजेला कोपरा लाव की."

"आई, नको," योवाना म्हणाली. "एवढ्या कागदांवरून असं ठाम सांगता येत नाही."

"का? तू खोटं मोजलंस?"

"मी खरंच मोजलं गं, पण..."

"मग झालं तर." ग्रिमानेसानं एप्रनला हात पुसले. "लावला कोपरा. आणि तू हरलास तर वर्षभर माझ्या किटल्या घासायच्या."

कागद लिमाला गेल्यावर रिकामी झालेली मी तिथंच ग्रिमानेसाच्या गाड्याखाली होते. माझा जीव नुसता तुटत होता. जिच्यासाठी ही माया, तिचाच आडोसा त्या मायेपायी जाणार होता आणि ते मला एकटीला ठाऊक होतं.

मतदान झालं. मोजणी संपली की शाळेच्या दारावर आकडे चिकटवतात. योवाना बघून आली ती हळूहळू चालत. "शिडी," ती म्हणाली, "आणि थोड्याथोडक्यानं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही पेटी खोटं बोलली, आई." फार लागलं मला ते.

दुसऱ्या पहाटे ग्रिमानेसानं जवस आणि पाला माझ्यात भरला, गाडा ढकलत समोरच्या कोपऱ्यात नेला आणि वाऱ्यात उभी राहिली. खोकत होती, पण आब्दोननं "राहू दे" म्हणायच्या आत तिनं जागा मोकळी केली होती. गिऱ्हाइकं आली ती नेहमीच्या भिंतीशी, आणि तिथं आब्दोनला बघून थबकली.

"कासेरा, तू इथं कशी?" साबिनानं समोर येऊन विचारलं.

"पैज हरले. पोरीच्या पेटीवर विश्वास ठेवला आणि आळी किटलीची म्हणाले."

साबिनाचा चेहरा पडला. तिनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं चांभाराकडे, चांभारानं पाववालीकडे. शेवटी साबिनाच बोलली. "अगं, त्या फुल्या त्या माणसाला नव्हत्या. तुला होत्या. यापा म्हणून दिल्या होत्या आम्ही."

"सगळ्यांनी?"

कुणी मान वर करेना. ग्रिमानेसा हसायला लागली, खोकत खोकत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "माझंही मत शिडीलाच होतं," ती म्हणाली. "म्हटलं, सगळी आळी किटलीची, माझ्या एकटीच्या मतानं काय बिघडतंय."

त्या दिवशी रांग वाऱ्यातच लागली. आडोशाच्या उन्हात आब्दोन एकटा उभा होता. उन्हं वर आल्यावर तो पेला घेऊन आला आणि तिच्याकडून भरून घेतला.

"कासेरा, कोपरा घे तुझा परत."

"हरले ते हरले. शब्द दिलाय मी."

त्यानं पेला संपवला, पुढं केला आणि खाली बघत म्हणाला, "यापा." तिनं काठोकाठ ओतला. तो पिऊन तो गेला, आपला गाडा ढकलत घेऊन आला आणि तिच्या गाड्याला लावून उभा केला, वारा येतो त्याच बाजूला.

अजून दोघं तिथंच असतात. आडोशाच्या कोपऱ्यात कुत्री ऊन खात पडतात. देशाचा निकाल कितीतरी दिवस लटकला होता, पण आमच्या चौकाचा त्याच सकाळी लागला. चाचणीवाले आता फोनवरून विचारतात म्हणे, आणि योवाना शाळेत शिकवते. माझी कड मऊ पडलीय, चिकटपट्टी सुटत आलीय, फटीतून जवस सांडतो.

एवढंच सांगायचं होतं. उद्या तुमच्या दारात एखादी पोर अशी पेटी घेऊन आली, तर पेटीत मनातलं खरं तेच टाका. आणि त्या पोरीला काही द्यावंसं वाटलं, तर तिला आत बोलवा आणि काहीतरी गरम प्यायला द्या.