आधी ताईंचा दंड

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. एवढं लांब नाव कोण घेतो हो? देवासच्या आमच्या छोट्या दवाखान्यात सगळे मला बीपीचं मशीनच म्हणतात. गोल तबकडी, तिच्यात काटा, दंडाला बांधायचा पट्टा आणि हाताने दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

नवा आलो तेव्हा असा लखलखत होतो म्हणून सांगू! वीस वर्षं दंडादंडावर बीपी मोजलं. नर्स शशिकलाताई सगळ्यांना कौतुकाने दाखवायच्या. मग बटणावर चालणारं मशीन आलं. झालं! माझी रवानगी काचेच्या कपाटात, कापसाच्या गठ्ठ्याशेजारी. फार राग आला मला, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात अवंती आली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं दुखतंय. सोबत नवरा चिराग. दोघांनाही गोष्टी हळू समजतात. भराभर सांगितलं की गोंधळ होतो. नव्या मशीनने दंड आवळताच अवंती किंचाळली, पट्टा ओढून काढला आणि थेट दारात! तिच्या कार्डावर आधी कुणीतरी लिहिलं होतं, 'सहयोग नहीं करती.' तीन खेपा बीपी मोजलंच नव्हतं. ते वाढलेलं असेल तर आई आणि बाळ, दोघांच्या जिवाला धोका. कपाटात माझा जीव नुसता वरखाली होत होता.

"ते अपने आप दाबतं. मला डर लागतो," अवंती रडत म्हणाली.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडलं आणि, काय सांगू, मला बाहेर काढलं! धूळ पुसली, नव्या मशीनशी माझा आकडा ताडून पाहिला. जुळला! मग पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधून फुगा अवंतीच्या हातात दिला.

"आधी तू माझं बीपी बघ. दाब. हात घट्ट होईल. मग मी हा स्क्रू फिरवीन, हवा जाईल."

अवंतीने दाबलं. काटा वर! ताईंनी स्क्रू फिरवला. फुस्स!

"चिराग, हे सोडतं रे!" अवंती हसली आणि तिने आपणहून हात पुढे केला. "आता माझं. फुगा चिराग दाबेल."

"भिया, जरा हळू," ताई कानाला स्टेथोस्कोप लावत चिरागला म्हणाल्या. माझा काटा थरथरला. एकशे साठ! थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तेवढंच.

"बीपी जास्त आहे. आज मोठ्या दवाखान्यात जायचं. मी सोबत येते," ताई सावकाश म्हणाल्या. "आता तुम्ही मला सांगा, काय करायचं?"

"मोठा दवाखाना. आजच. ताई साथ येणार," चिरागने बोटांवर मोजलं. आणि तिघं निघाली!

बारा दिवसांनी चिराग पेढे घेऊन धावतच आला. "मुलगी झाली! दोघी ठीक आहेत! आणि ताई, तिथली नर्स पट्टा घेऊन आली ना, तर अवंतीने हात वर केला. म्हणाली, आधी सांगा, मग बांधा."

मित्रांनो, मला उड्या मारता येत नाहीत, नाहीतर मारल्या असत्या! माझी धूळ पुसा, नळी तडकली तर बदला, एवढं मी मागतोच. पण ज्याला हळू समजतं त्याला हळू सांगा, आणि समजेपर्यंत जाऊ देऊ नका. त्या दिवशी अवंती दारातून निघूनच गेली असती, तर ते पेढे आले नसते.