बाई ‘बरोबर’ म्हणाल्या

बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या मैदानात दर रविवारी सकाळी एक स्कूटर श्वास घेत असे, आणि ते बघायला निम्मं शहर लोटत असे.

विजेवर चालणारी साधीसुधी स्कूटर होती ती, बाजारातली सगळ्यात स्वस्त. तिला श्वास घ्यायला लावणारा गृहस्थ गेल्या वर्षीपर्यंत कोपऱ्यावर जुने पंखे दुरुस्त करून विकायचा आणि दिवसभर माश्या मारत बसायचा. आता त्याने पांढराशुभ्र झब्बा चढवला होता, कॉलरला माइक अडकवला होता आणि लोक त्याला श्वासगुरू म्हणू लागले होते.

खेळ ठरलेला असे. गर्दीतली दोन धट्टीकट्टी माणसं गाडीवर बसवायची आणि पार्किंगच्या चढावरून वरखाली फिरवायची. गाडी कण्हायला लागायची, समोरच्या काचेवरच्या बॅटरीच्या कांड्या एकेक करत विझायच्या. एकच उरली की श्वासगुरू हात वर करी.

“दमली बिचारी,” तो म्हणे. “तुम्ही जिना चढून दमता, दोन क्षण टेकता, श्वास घेता आणि पुन्हा चालू लागता. मग गाडीनेच काय पाप केलंय? मोठमोठ्या कंपन्या तिला श्वास घेऊ देत नाहीत. कारण तिने श्वास घेतला तर त्यांच्या महागड्या बॅटऱ्या कोण घेणार?”

मग तो किल्ली फिरवून गाडी बंद करी आणि सीट उचलून तांब्याची एक चकती बॅटरीवर ठेवी. ही श्वासचकती. सगळ्यांनी डोळे मिटायचे, छातीवर हात ठेवायचा आणि गाडीसाठी संथ श्वास घ्यायचा. एवढी माणसं इतका वेळ गप्प बसलेली त्या शहराने दुसरीकडे कुठे पाहिली नसतील. डोळे उघडले की किल्ली फिरे आणि काचेवर चार कांड्या झळकत. टाळ्यांचा नुसता कडकडाट होई आणि टेम्पोतल्या गाड्या चकतीसकट हातोहात खपत.

त्या रविवारी दुसऱ्या रांगेत विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. घरी तपासायच्या पेपरांचा ढीग पडला होता, पण धाकट्या बहिणीने हातच धरून आणलं होतं. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पाळणाघरात कामाला होती आणि नुकत्याच मालकीणबाईंनी तिच्या हाती किल्ल्या दिल्या होत्या. सकाळी दार तिने उघडायचं. पहिली बस त्याआधी पोचत नव्हती, म्हणून गाडी घेणं भाग होतं.

“ताई, तू विज्ञान शिकवतेस. तूच बघून सांग,” ती म्हणाली होती.

कुणीतरी बाईंना ओळखलं आणि पुढे ढकललं. श्वासगुरूला तर आयतीच संधी मिळाली. “या बाई, या. तुम्ही शिकलेल्या. मघाशी एक कांडी होती, आता चार आहेत. दिसतं की नाही?”

बाईंनी काचेकडे निरखून पाहिलं. काहीतरी खटकत होतं. “बरं,” त्या म्हणाल्या.

बाईंच्या वर्गात बसलेल्या कुणालाही या ‘बरं’चा अर्थ ठाऊक होता. उत्तर चुकत चाललं की बाई मान हलवत ‘बरं’ म्हणत, म्हणजे पुढे बोल, बघू कुठवर घसरतोस. पण मैदान म्हणजे काही वर्ग नव्हता.

“ऐकलंत?” श्वासगुरू माइकमधून गरजला. “विज्ञानाच्या बाई म्हणतात, बरोबर.”

टाळ्या पडल्या. बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढ्या गर्दीत वाद कुठे घालायचा, घरी पेपर वाट बघताहेत, आणि खरं सांगायचं तर लोक आपल्याकडे आदराने बघताहेत हेही त्यांना जरा बरं वाटलं होतं. त्या मागे सरून आपल्या रांगेत आल्या. धाकटीने त्याच दिवशी गाडी घेतली.

नंतर धाकटीचे फोन कमी झाले. नव्या गाडीच्या नादात असेल, असं बाईंनी धरून चाललं. मग एका सकाळी शाळेच्या बसमधून पूल ओलांडताना त्यांनी सहज खिडकीबाहेर पाहिलं तर चढावर एक बाई ओढणी कमरेला खोचून स्कूटर ढकलत होती. ती धाकटी होती.

पुढच्या थांब्यावर उतरून बाई जवळजवळ पळतच मागे आल्या. “अगं, काय झालं?”

“काही नाही गं. माझंच चुकतं,” धाकटी धापा टाकत म्हणाली. “चढ आला की ही मान टाकते. थोडं थांबलं की कांड्या येतात, परत चालते, परत बसते. रोज असंच.”

“मग यात तुझं काय चुकलं?”

“श्वास. गुरुजींना विचारलं मी. ते म्हणाले, मन अस्थिर असलं की चकती धरत नाही. आणि माझं मन कसं स्थिर राहणार, सांग? सगळं लक्ष त्या दाराकडे. मालकीणबाईंनी बजावलंय, आता एकदा जरी उशीर झाला तर किल्ल्या परत द्यायच्या.”

“मला का नाही सांगितलंस?”

धाकटीने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की बाई ती जन्मात विसरणार नाहीत. “तुला काय सांगू? तू तर बरोबर म्हणाली होतीस. मग गाडी चालत नाही म्हणजे चूक माझीच ना.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण न बोललेला एक शब्द ही पोरगी रोज या चढावर ढकलत होती, आणि वर स्वतःलाच दोष देत होती. त्यांनी पर्स खांद्यावर टाकली आणि दुसऱ्या बाजूने गाडीला हात लावला.

पुलाच्या माथ्यावर धाकटीने किल्ली फिरवली. काचेवर तीन कांड्या आल्या.

“बघ, घेतला श्वास,” धाकटीचा चेहरा उजळला.

“चकती दाखव मला.”

धाकटीने सीट उचलली आणि ती ओशाळली. “अगं बाई. काल लिंबाने घासली होती, दर आठवड्याला चमकवायची असते ना. ती तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतच राहिली.”

चकती खिडकीत उन्हं खात पडली होती, आणि कांड्या तरीही आल्या होत्या. मैदानात जे खटकलं होतं ते बाईंच्या आता ध्यानात आलं. सातवीच्या धड्यातली गोष्ट, आणि ती कळायला त्यांना बहिणीचा घाम बघावा लागला होता.

पाळणाघरासमोर आया कडेवर मुलं घेऊन ताटकळत होत्या. एकीला कामावर जायला उशीर होत होता आणि ती रडकुंडीला आली होती. मालकीणबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी फक्त हात पुढे केला.

“चूक माझी आहे,” बाई मध्ये पडून म्हणाल्या.

“तुमची कशी? तुम्ही कोण?”

याचं उत्तर लांबलचक होतं आणि ते ऐकायला तिथे कुणालाच सवड नव्हती. धाकटीने किल्ल्यांचा जुडगा मालकीणबाईंच्या हातावर ठेवला आणि मुलांना आत घ्यायला वळली.

पुढच्या रविवारी बाई मैदानात पहिल्या रांगेत होत्या. चार कांड्या झळकल्या, टाळ्या पडल्या, आणि बाई न बोलावता पुढे गेल्या.

“या बाई,” श्वासगुरू खुलला. “आमच्या जुन्या साक्षीदार.”

“छान आल्या कांड्या,” बाई म्हणाल्या. “आता हीच गाडी, चकतीसकट, त्याच दोघांना बसवून त्याच चढावर पुन्हा न्या. मधे थांबायचं नाही.”

श्वासगुरूचं हसू मावळलं. “बाई, नुकता श्वास घेतलाय तिने. लगेच राबवायची म्हणजे क्रूरपणा झाला. आणि शंका घेणाऱ्यासमोर श्वास टिकत नाही.”

“माझी बहीण शंका घेत नव्हती. तिचा का नाही टिकला?”

गर्दीतून एक जाडजूड गृहस्थ वैतागला. “अहो, त्या दिवशी तुम्हीच बरोबर म्हणालात. तुमच्या शब्दावर मी गाडी घेतली. आता उलटताय?”

खरी कसोटी इथे होती. पळवाटा पुष्कळ होत्या. गोंगाट होता, ऐकण्यात चूक झाली, माइक दुसऱ्याच्या कॉलरला होता. बाईंनी त्यातली एकही धरली नाही.

“मी ‘बरं’ म्हणाले होते. यांनी त्याचं ‘बरोबर’ केलं. ते मी ऐकलं आणि खोडलं नाही, कारण तुम्ही टाळ्या वाजवत होतात आणि मला त्या आवडल्या. यांनी फसवलं हे खरं, पण माझ्या गप्प बसण्याने तुम्ही फसलात. माझं चुकलं.”

मग मागून पार्सल पोचवणारा एक गडी खदखदून हसला. “अहो, मी बाईंचा विद्यार्थी. बाई ‘बरं’ म्हणाल्या की आम्ही मुकाट्याने खाली बसायचो. म्हणजे शून्य मार्क.”

हशा पिकला. तेवढ्यात तो गाडीवर बसलाही, मागे त्या जाडजूड गृहस्थाला घेतलं आणि श्वासगुरू “अहो, अहो” करेपर्यंत चढाला लागला. अर्ध्यावर कांड्या पटापट उतरल्या. थोड्या वेळाने दोघे बंद पडलेली गाडी हाताने धरून चालत खाली आले. चकती सीटखाली जागच्या जागी होती.

“यात जादू नाही,” बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वर्गातला झाला. “चढावर मोटर बॅटरीतून जोरात वीज ओढते, तेव्हा बॅटरीतला विजेचा दाब खाली बसतो. ओढणं थांबवलं की दाब सावरतो. या स्वस्त गाडीच्या कांड्या साठा मोजत नाहीत, दाब मोजतात. जिना चढून दमलेला माणूस टेकला की त्याची धाप थांबते, पण म्हणून त्याचं पोट भरत नाही. तुम्ही डोळे मिटून बसता, तेवढा वेळ गाडीला टेकायला मिळतो. चकती कशालाही जोडलेली नाही. ती नुसती पडून असते.”

“मग आम्ही गाडी घ्यायची तरी कशी?” कुणीतरी विचारलं.

“कुणाच्या शब्दावर घेऊ नका, माझ्याही नाही. रोज जायचा तोच रस्ता, तोच चढ, तुमचं वजन, हातातलं सामान, सगळ्यासकट चालवून बघा. घरी परत येऊन पुरेसं शिल्लक उरतंय का बघा, कारण बॅटरी पुढे म्हातारी होणार. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असेल तर ही गाडीही चालेल. गाडी खोटी नाही, तिच्याबद्दलचं बोलणं खोटं आहे. आणि डोळे मिटा असं कुणी सांगितलं, तर निदान तेवढा वेळ ते उघडे ठेवा.”

श्वासगुरू टेम्पोत चढायच्या बेतात होता, पण त्याच्याभोवती आता निराळीच गर्दी जमली होती. संध्याकाळपर्यंत त्याला पुष्कळ गाड्या परत घ्याव्या लागल्या. धाकटीचीही त्यात होती.

किल्ल्या मात्र परत आल्या नाहीत. त्या आता दुसऱ्या मदतनीस बाईंच्या कमरेला असतात. धाकटी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि बाईंना तेच जास्त लागतं.

दुसरी गाडी बघायला दोघी मिळून गेल्या. बाईंनी एकाही गाडीवर मत दिलं नाही. तीन गाड्या धाकटीने पुलावरून पाळणाघरापर्यंत नेऊन परत आणल्या, दोन नाकारल्या. तिसरी घेऊन आली तेव्हा हेल्मेट काढत म्हणाली, “चढावर थांबली नाही. जाऊन येऊन निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. हीच घ्यावी असं मला वाटतं.”

“बरं,” बाई सवयीने म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा एकदम उतरला. बाईंनी काचेकडे वाकून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बरोबर.”