चांदणीची वऱ्हाडी

मारेगावात बसस्टँडच्या मागे दीपा मूनचं ब्युटी पार्लर आहे. दुपारी दोन ते चार तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून त्या वेळात तिथून मराठी-हिंदी मनोरंजनसृष्टीचा कारभार चालतो. कारभारी तिघं. एक स्वतः दीपा. दुसरी संगीता राठोड, जवळच्या तांड्यावर अंगणवाडी सेविका आहे. पोरांना खिचडी वाढून, सरकारला फोटो पाठवून दोनच्या ठोक्याला हजर होते. तिसरा ऋतिक आडे, शेजारच्या मोबाइल दुकानाचा मालक. त्याच्या आईने कोणत्या काळात कोणाचं पोस्टर पाहून त्याचं नाव ठेवलं हे सांगायची गरज नाही. या नावाची जबाबदारी ओळखून त्याने यूट्यूबवर सिनेमाच्या बातम्यांचं चॅनल काढलंय. त्याचे चारशे बारा सबस्क्रायबर आहेत आणि त्यातले बरेचसे आडेच आहेत.

"त्या नव्या पिक्चरनं दोनशे कोटी कमावले," ऋतिक एका दुपारी सांगत होता.

"आम्ही गेलतो ना वणीले पाह्याले," संगीता म्हणाली. "थेटरात नऊ जण होतो. त्यातला एक झोपला होता, अन् तो माहा नवरा होता. मंग दोनशे कोटी कोणी देले?"

"ते वर्ल्डवाइड असते, ताई."

"म्हणजे वणी सोडून."

अशा गंभीर वातावरणात 'सातव्या घरची सून' ही मालिका सुरू झाली. पुण्याच्या एका श्रीमंत घरात लग्न होऊन आलेली चांदणी नावाची सून, आणि ती विदर्भातली. एवढंच असतं तरी चाललं असतं, पण पहिल्याच भागात चांदणीने छाती ठोकून सांगितलं की ती यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावची आहे. पार्लरमध्ये तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपलं गाव टीव्हीवर आलं म्हणून दीपाच्या अंगावर काटा आला. तो पूर्ण उभा राहायच्या आत चांदणी सासूला म्हणाली, "काय बे सासूबाई, मले ठेचा खायचा आहे!"

संगीताने मोबाइलचा आवाज बंद केला.

"सासूले 'बे' म्हणाली का ही?"

"म्हणाली."

"अन् सासू हासली?"

"लाडानं हासली."

पुढच्या आठवड्यात चांदणीने सासऱ्याला 'बे' म्हटलं, देवघरातल्या गणपतीला 'बे' म्हटलं. सकाळ-संध्याकाळ ती ठेचाच खात होती. केसांत तिने गजऱ्यासारखी कापसाची बोंडं माळली होती. संगीताची सासू जमनी घरी ही मालिका भक्तिभावाने बघायची. तिची समजूत अशी झाली की पोरगी छत्तीसगडची आहे, आणि परमुलखातली असूनही बिचारी मराठी शिकायची धडपड करते आहे.

दीपाच्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं. एका दुपारी ऋतिकने सहज मोबाइल समोर धरला आणि ती बोलायला लागली.

"हे पाहा चांदणीबाई. 'बे' आमच्याकडे दोस्त दोस्ताले म्हणते. बाईमाणसाले 'वं' म्हणतेत, अन् सासूले तेही नाही. तिले 'आत्याबाई' म्हणा अन् 'अहो-जाहो' करा. सासूले 'काय बे' म्हटलं असतं तर तुमची सिरीयल दुसऱ्याच दिवशी संपली असती, कारण तुम्ही वापस मारेगावले आल्या असत्या. अन् बोंडं केसात घालू नका. ते टोचतेत."

ऋतिकने तो व्हिडिओ टाकला. चारशे बारा आडे मंडळींनी पाहिला, त्यांनी तो वणी, पांढरकवडा, यवतमाळ असा पाठवला आणि चार दिवसांत दीड लाख लोकांनी पाहिला. ऋतिकला वाटलं, आपण आलो. त्याने दुकानाबाहेर 'यूट्यूबर' अशी पाटी लावली.

पाचव्या दिवशी दीपाला मुंबईहून फोन आला. मालिकेच्या कंपनीतली बाई होती. स्वतःची ओळख तिने 'मी क्रिएटिव्ह आहे' अशी करून दिली. दीपा मनात म्हणाली, मालिका पाहून तसं वाटलं नाही. पण फोनवर ती "हो मॅडम" एवढंच म्हणाली.

"आम्हाला तुमचं खूप आवडलं. आम्हाला ऑथेंटिक हवंय. तुम्ही आमच्या भाषा मार्गदर्शक व्हाल का? आम्ही संवाद पाठवू, तुम्ही ते तुमच्या भाषेत बोलून व्हॉइस नोट पाठवायची. टायटलमध्ये नाव येईल."

टीव्हीवर नाव येईल म्हटल्यावर दीपाला दुसरं काही ऐकू आलं नाही. तिची आई कांताबाईंनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. वडील नागोराव रिटायर्ड पोस्टमन होते. त्यांनी ओळखीच्या प्रत्येक घरी जाऊन बातमी पोचवली, नोकरीत असताना पोचवत होते त्यापेक्षा लवकर.

काम सुरू झालं. सकाळी संवाद यायचे. दीपा पार्लरचं शटर अर्धं खाली ओढून, पंखा बंद करून, घामाघूम होत एकेक वाक्य तीन-तीनदा रेकॉर्ड करायची. 'आत्याबाई, मी सैपाक करून राह्यले, तुम्ही बसा.' साधं, घरातलं, तिच्या आजीच्या तोंडचं.

मग मुंबईहून उत्तर यायचं. "खूप गोड! पण 'करून राह्यले' पुण्यात कळणार नाही. नुसतं 'करते बे' करू या का?"

दीपाने पहिल्यांदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा क्रिएटिव्ह मॅडम म्हणाल्या की 'बे'ला लोक हसतात असं आकड्यांत दिसतंय, तेव्हा 'बे' काढता येणार नाही. बाकी भाषा दीपाताईंनी हवी तेवढी खरी ठेवावी. बाकी भाषा म्हणजे 'मले' आणि 'तुले' हे दोन शब्द उरले होते.

या सगळ्यात दीपाने राजीनामा दिला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण ती माणूस होती आणि नाव यायचं बाकी होतं. शिवाय तिच्या बोलण्यात हळूहळू 'आमच्या इंडस्ट्रीत' हा शब्द यायला लागला. ऋतिकने एका हिरोईनच्या घटस्फोटाची बातमी सांगितली तर दीपा म्हणाली, "असं कोणाचं खासगी बोलू नये. आम्ही एका फील्डमधले आहो." संगीताने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. याच पार्लरमध्ये त्या दोघींनी पाच वर्षं त्या हिरोईनचे दोन साखरपुडे, एक लग्न आणि नाकाचं ऑपरेशन तपशीलवार सांभाळलं होतं.

शनिवारी नाव आलं. नावांची रांग इतक्या वेगाने पळाली की ऋतिकला चार वेळा मागे न्यावं लागलं. मेकअपवाल्यांनंतर आणि चहावाल्यांच्या आधी लिहिलं होतं: 'अस्सल वऱ्हाडी भाषा – दीपा मून, मारेगाव'.

नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. चुकून एखादं अक्षर तरी इकडचं तिकडे झालं असतं तर बरं झालं असतं, असं दीपाला सोमवारी वाटलं. कारण सोमवारी भाजीवाली तिला म्हणाली, "काय बे दीपा, वांगे देऊ का?" बसस्टँडवर दोन कॉलेजची पोरं लांबून 'काय बे सासूबाई' ओरडली. मुख्याध्यापकांच्या बायको आयब्रो करायला आल्या आणि डोळे मिटल्या मिटल्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच्या लोकांना आपली भाषा अशी सांगता का हो? आमच्या पुण्याच्या जावयाने आम्हाला जेवताना 'बे' म्हटलं. त्याला वाटलं, आम्हाला आवडेल."

दीपाने दुपारी संगीताची वाट पाहिली. संगीता आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दीपाच तांड्यावर गेली. अंगणवाडीत संगीता एकटीच रजिस्टर भरत बसली होती.

"काहून येत नाही तू?"

"तुह्या फील्डमधली नाही ना मी."

दीपा खाली सतरंजीवर बसली.

"मी त्याइले सांगतलं होतं," दीपा म्हणाली. "सगळं बराबर सांगतलं होतं. माह्याजवळ सगळ्या व्हॉइस नोट आहेत."

"त्या नोटा कोण ऐकते, दीपा? लोकं टीव्ही ऐकतेत." संगीताने पेन खाली ठेवला. "माह्या लहानपणी शाळेत मी गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, बोलली का गुरुजी हासत होते, अन् पोरं वऱ्हाडीत बोलली तरी हासत होते. मले त्याचं काही वाटत नव्हतं, ते बाहेरून आलेलं माणूस होतं. पण आता हासणं चालू आहे अन् त्याच्याखाली तुहं नाव आहे. ते मले पाहवत नाही. म्हणून नाही आली."

दीपा उठली. घरी येताना तिने मनातल्या मनात मुंबईला पाठवायचा मेसेज तयार केला. तो कडक होता, त्यात स्वाभिमान हा शब्द दोनदा होता. पण पाठवायच्या आधीच मुंबईचा मेसेज येऊन पडलेला दिसला.

मालिकेत चांदणी जिन्यावरून पडली होती. तिची स्मृती गेली होती. स्मृतीबरोबर वऱ्हाडीही गेली होती, आणि शुद्धीवर आल्यावर ती थेट पुण्याच्या सदाशिव पेठेतलं मराठी बोलू लागली होती. डॉक्टरांना याचं काहीच आश्चर्य वाटलं नव्हतं. "त्यामुळे सध्या आपली गरज नाही," क्रिएटिव्ह मॅडमनी लिहिलं होतं, "पण प्रवास खूप सुंदर होता." खाली दोन हात जोडलेले.

दीपाने स्वाभिमान खोडून टाकला आणि 'ठीक आहे' एवढंच पाठवलं. मग संगीताला फोन करून ही बातमी वाचून दाखवली. पलीकडे संगीता हसायला लागली आणि थांबेचना.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दोनला यायला लागली.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, तिघं बसलेले असताना, पार्लरचं दार ढकलून एक बाई आत आली. साधा कुर्ता, तोंडाला उन्हाचा स्कार्फ. स्कार्फ सोडला तेव्हा ऋतिक खुर्चीवरून उठून उभा राहिला. चांदणी होती. म्हणजे चांदणीचं काम करणारी अन्विशा राजे.

"दीपाताई कोण?" तिने विचारलं.

दीपाने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मी ज्योत्स्ना ढेंगळे," ती म्हणाली. "वणीची. अन्विशा वगैरे ते मुंबईचं आहे. बाबा कोळसा खाणीत होते माझे. आठ दिवस आईकडे आलेय, म्हटलं भेटून यावं."

तिघांना हे पचवायला वेळ लागला. वणी मारेगावपासून अर्ध्या तासावर. म्हणजे ज्या पोरीला दीड लाख लोकांसमोर वऱ्हाडी शिकवली, ती जन्मापासून वऱ्हाडीच होती.

"मंग तुम्ही तसं काहून बोलत होत्या?" संगीताने सरळ विचारलं.

ज्योत्स्ना स्टुलावर बसली. "मुंबईत गेले तेव्हा पहिल्या ऑडिशनला म्हणाले, तुझं गावाकडचं येतं बोलण्यात, ते घालव. आठ वर्षं घालवण्यात गेली. क्लास लावला. आरशासमोर बसून 'आहे' म्हणायची प्रॅक्टिस केली. मग ही मालिका आली, म्हणाले वऱ्हाडी बोल. मला इतका आनंद झाला! पहिल्या दिवशी मी बोलले, तर दिग्दर्शक म्हणाला, हे वऱ्हाडी वाटत नाही."

"मंग?"

"मग तो जे बोलून दाखवायचा ते बोलायचे. तो नाशिकचा आहे."

कोणी हसलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून हसता येत नव्हतं.

"तुमच्या व्हॉइस नोट मला पाठवायचे," ती दीपाला म्हणाली. "मेकअप करताना कानात लावून बसायचे मी. सीनमध्ये त्यातलं काही ठेवत नव्हते, तरी ऐकायचे. माझी आजी तशी बोलायची. एका दिवशी सासूच्या पाया पडायचा सीन होता. मी सांगितलं, आज मी 'बे' म्हणणार नाही, 'आत्याबाई' म्हणणार. शूटिंग दोन तास थांबलं. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट आली, त्यात मी जिन्यावरून पडत होते."

"म्हणजे तुम्हाले खरंच ढकललं," ऋतिक म्हणाला. त्याने मोबाइल काढला होता, पण संगीताने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तो परत खिशात ठेवला. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी बातमी समोर बसली होती आणि त्याने ती सोडली. हे त्याच्या सबस्क्रायबरांना कधीच कळलं नाही.

दीपाने चहा मागवला. मग विचारलं, "घरी आईसंग कशा बोलता?"

ज्योत्स्नाने कप हातात धरला. "तीच तर गंमत आहे. आई म्हणते, तू टीव्हीवानी काहून बोलून राह्यली? अन् मले..." ती थांबली. "मले आता येतच नाही बराबर. बोलायला गेले की आधी पुणं येते, नाही तर तो 'बे' येते."

"आठ दिवस आहे ना तुम्ही?" दीपा म्हणाली. "रोज दोनले येत जा. काही शिकवाचं नाही. नुसतं बसा अन् बोला."

ती आठही दिवस आली. वणीहून बसने यायची, स्कार्फ बांधून. तिने आतल्या गोष्टी सांगितल्या: कोणता सज्जन बाप खऱ्या आयुष्यात कोणाशी बोलत नाही, ग्लिसरीन न घालता कोणाला रडता येतं, आणि श्रीमंतांच्या त्या बंगल्यातला जिना कुठेच जात नाही, वरती नुसता पत्रा आहे. पहिले दोन दिवस ती वाक्य मनात तपासून मग बोलायची. पाचव्या दिवशी जमनी नातवाचे केस कापून न्यायला आली, तिला कोणी सांगितलं नाही ही कोण आहे ते, आणि मेकअपशिवाय तिने ओळखलंही नाही. दोघी मिरचीच्या भावावर अर्धा तास भांडल्या. जमनी जाताना संगीताला म्हणाली, "पोरगी चांगली हाये, पण लई बोलते."

दीपाने ज्योत्स्नाकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून, मान खाली घालून, आवाज न करता हसत होती, आणि डोळे पुसत होती. ग्लिसरीन नव्हतं.

महिन्याभराने मुंबईहून तिची व्हॉइस नोट आली. नवी मालिका मिळाली होती, हिरोईनची थोरली जाऊ. "सगळं चांगलं आहे वं दीपा," ती म्हणत होती, "पण जाऊ कोल्हापूरची हाये. तुह्या ओळखीत कोल्हापूरचं कोणी आहे का?"

दीपाने विचार केला. शाम्पू-क्रीम विकायला दर बुधवारी एक एजंट यायचा, तो इचलकरंजीचा होता. बुधवारी तिने त्याला खुर्चीत बसवलं, मोबाइल समोर ठेवला आणि काय करायचं ते सांगितलं. एजंटने आधी आरशात बघून केस नीट केले, घसा साफ केला आणि विचारलं की मालिका कोणत्या चॅनलवर आहे.