चौघांचे टेबल, एकटीचे घर

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. वयाने जुने, पण पायांनी अजून ठणठणीत. सुताराने माझ्या कडा अशा मायेने घासल्या की आजवर कोणाच्या बाहीचा धागाही अडकला नाही.

मला विकत घेतले ते पोहायला शिकवणाऱ्या एका मुलीने. नुकतीच नोकरी लागलेली, नुकतेच भाड्याचे घर घेतलेले. तिची मावशी मला पाहून म्हणाली, "अगं, खाणारं तोंड एक आणि टेबल चौघांचं? आधी जोडीदार तरी बघ!"

"मावशी, मला ऐसपैस बसून जेवायला आवडतं," ती हसली.

खरेच आवडायचे. तलावावरून ओल्या केसांनी यायची, गुणगुणत ताट भरून जेवायची. सुटीला मैत्रिणी जमल्या की त्यांच्या हसण्याने माझ्यावरचे पेले हलत.

मग जोडीदार आला. दिसायला देखणा, बोलायला गोड. मावशी हरखली, मीही हरखले. पण हळूहळू तो विचारू लागला, "कोणाचा फोन होता? तलावावर एवढा वेळ कशाला?" मैत्रिणी यायच्या थांबल्या. तिने संध्याकाळचा वर्ग सोडला. ताटातले अन्न ती नुसते चिवडत बसे. नातेवाईक मात्र खूश, "चला, पोरगी मार्गी लागली!" मला ते ऐकवत नसे.

एके दिवशी तिने हातातला घास खाली ठेवला.

"तुझ्यासमोर जेवताना मला धास्ती वाटते. मला असं नाही जगायचं."

तिने शब्द फिरवला नाही. तो गेला. ती माझ्यावर डोके टेकून पोटभर रडली. त्या दिवशी तिचा भार मी पेलला, याचा मला आजही अभिमान आहे.

संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू झाला. मैत्रिणी परतल्या, भूकही परतली. पुढे तलावाच्या पायरीवर घसरून तिचा पाय मोडला, तेव्हा मावशी पिशव्या घेऊन धावत आली. "एकट्या पोरीचं कोण करणार गं बाई!" म्हणत आत शिरली आणि दारातच थबकली. तलावाचा रखवालदार माझ्यावर भाजी चिरत होता, शेजारीण ताटे मांडत होती, मैत्रिणी कोणी कधी थांबायचे यावरून भांडत होत्या. मावशीला बसायला खुर्ची मिळेना!

"बघतेस काय मावशी? ताट घे," प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून आमच्या बाईसाहेब म्हणाल्या.

आता मावशीची लेक नोकरीला लागली आहे. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढला की मावशी ठणकावते, "आधी तिला तिचं तिचं जगू दे. मनाजोगता कोणी भेटला तर आनंदच. नाही भेटला तर माझ्या भाचीकडे बघा!"

मित्रांनो, माझ्यावर पाणी सांडले तर लगेच टिपा, एवढेच माझ्यापुरते मागणे. पण माणसांसाठीही एक मागते. तुमच्या ताईला, दादाला "लग्न कधी?" असे विचारण्याआधी "नीट जेवतेस ना? नीट जेवतोस ना?" असे विचारा. आणि उत्तर ऐकायला जवळ बसा.