पांढऱ्या थराखालची नावं

मशीनरूममध्ये कोणी नव्हतं, तरी महिपतीने दारावर दोनदा टकटक केलं, क्षणभर थांबला आणि मगच कडी काढली.

"काका, आत कोण बसलंय?" मागून चेतन म्हणाला. दोह्यातल्या या आइस रिंकचा तो नवा मॅनेजर, पुण्याचा. "रोज बघतोय मी."

"सवय हाये साहेब."

महिपतीने काटा पाहिला. रिंकची फरशी उणे आठवर होती. दर ऑगस्टमध्ये जुना बर्फ वितळवायचा, फरशी धुवायची आणि पाण्याचे कागदासारखे पातळ थर फवारत नवा बर्फ धरायचा, हे त्याचं काम. आधी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर बारा वर्षं, मग इथे अकरा. आइस हॉकीची एक मॅच त्याने कधी शेवटपर्यंत पाहिली नव्हती. बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीची बस त्याआधीच सुटायची. पण जर्मनीतल्या हाल्डेनबाख गावच्या हॉकी क्लबचा इतिहास त्याला तोंडपाठ होता.

तो इथे त्याच्यासोबत बर्फ करणाऱ्या होर्स्टसाहेबांनी सांगितलेला. कोळशाच्या खाणीमागचं गोठलेलं तळं, खाणकामगारांनी तासलेल्या काठ्या, तळ्यावर चढलेलं छप्पर, दोन अजिंक्यपदं. मग क्लबचं दोनदा दिवाळं निघालं आणि दोनदा तो नवं नाव घेऊन त्याच बर्फावर उभा राहिला. साहेब तिथे एकतीस वर्षं बर्फ करत होते. रिंक पाडून तिथे पार्किंग झालं तेव्हा ते कतारला आले, आणि येताना क्लबचा एक रिवाज घेऊन आले. बर्फाला पांढरा रंग देण्याआधी, खालच्या थरावर क्लबच्या मेलेल्या माणसांची नावं काळ्या रंगाने लिहायची. वर पांढरा रंग, त्यावर पुन्हा बर्फ. खेळणाऱ्यांना ती कधी दिसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अल गराफाच्या फ्लॅटवर साहेब झोपेतच गेले. 'माझ्यानंतर तू लिही,' असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आज सकाळी महिपतीने गुडघे टेकून साहेबांनी सांगितलेली तेवीस नावं लिहिली होती.

दुपारी साहेबांची मुलगी ऊटा आली. क्लब परत जुन्या नावाने उभा राहिला होता, पंचाहत्तर वर्षांचं पुस्तक निघणार होतं. त्यासाठी तिला या नावांचा फोटो हवा होता.

"काका, हे तर मराठीत लिहिलंत तुम्ही," चेतन कपाळाला हात लावून म्हणाला. "जर्मन पुस्तकात जाणार आहे हे."

"साहेब सांगायचे, मी वहीत उतरवून घ्यायचो. दुसरं कशात उतरवू?"

ऊटा हसली. चालेल, म्हणाली. चेतनने नाव वाचायचं आणि तिने आपल्या छापील यादीवर खूण करायची, असं ठरलं.

"बेर्न्ट नोवाक."

तिचं पेन हललं नाही. पुढची बावीस मात्र एकेक करून जुळली. मग ती पहिल्या नावापाशी परत आली आणि चेतनशी हलक्या आवाजात इंग्रजीत बोलली.

"हा खेळाडू नव्हता म्हणतायत," चेतनने महिपतीला सांगितलं. "मशीनरूमचा मेकॅनिक. अठ्ठ्याऐंशी साली मशीनमधला अमोनिया वायू गळाला, त्यात गेला. चूक त्याचीच होती, असं क्लबच्या कागदांत आहे. हे नाव खरवडून काढा, तिथे त्यांच्या वडिलांचं लिहा. मग फोटो काढतील."

महिपतीने हातातला ब्रश डब्याच्या काठावर पुसला.

"यल्ला, चला काका, विषय खलास करा. त्यांचे वडील, त्यांचं पुस्तक."

अकरा वर्षांत महिपतीने कुठल्याच मॅनेजरला नाही म्हटलं नव्हतं. त्याने ब्रश खाली ठेवला.

"साहेब ह्याचं नाव दरसाल पहिलं लिहायचे. खेळाडू मागून. बाईंना सांगा, मी साहेबांचं लिहितो, पण ह्याचं काढून नाही. तसंच पाहिजे असंल तर दुसरा माणूस बोलवा."

"पण का?"

"चूक त्याची नव्हती. मॅचला तास राहिला होता. मास्क एकच, तोबी फाटका. साहेब त्याला म्हटले, जा आत, व्हॉल्व्ह बंद कर. मग साहेबांनी भायेरून दोनदा दार वाजवलं. आतून आवाज आला नाही."

साहेबांचं इंग्रजी मोडकं, महिपतीचं त्याहून. पण पिंपळगावला एकदा अमोनिया त्याच्याही नाकात गेला होता, त्यामुळे साहेबांनी सांगितलेलं त्याला सगळं कळलं होतं.

चेतन तुकड्यातुकड्याने सांगत गेला, मध्येच अडखळला. ऊटा हे खोटं आहे असं म्हणाली नाही. मग काहीतरी बोलली.

"ते घरीही दार वाजवायचे म्हणतायत," चेतन म्हणाला. "तळघरात जाताना. आत कोणी नसलं तरी. आई चिडायची." तिने पुढे काही विचारलं. "त्या नोवाकला मुलंबाळं होती का, विचारतायत."

"एक पोरगी. साहेब सांगायचे, माझ्या ऊटाच्या वर्गात होती ती."

चेतनने ते सांगितलं. ऊटाने फोटोसाठी काढलेला फोन कोटाच्या खिशात ठेवला.

"सिल्के," ती म्हणाली.

त्या मुलीच्या नावाचं भाषांतर चेतनने केलं नाही.

महिपतीने नोवाकच्या खाली होर्स्ट हे नाव लिहिलं आणि पंप सुरू केला. पांढरा रंग धुक्यासारखा खाली बसत गेला. एका थराने काळं झाकलं जात नाही. राखाडी होऊन सगळी नावं अजून दिसत होती. ऊटा काठावर उभी राहून, आपल्याला वाचता न येणाऱ्या त्या ओळींकडे बघत होती.

थर धरायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या थराआधी महिपती वीस मिनिटं थांबला.